लाल-काळ्याचा घोळ

मेंटेनन्सला नवीन पोरगं आलं की मी त्याला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट घोकायला लावतो. मशीन बंद पडलं तर एका वेळी एकच वस्तू बदलायची. फ्यूज बदलला, चालवून बघितलं. नाही चाललं तर कॉन्टॅक्टर. सेन्सर, केबल आणि कार्ड तिन्ही एकदम बदलून मशीन सुरू केलं तर त्यात शहाणपण काही नाही, कारण खराब काय होतं ते कुणालाच कळलेलं नसतं आणि दोन चांगल्या वस्तू भंगारात गेलेल्या असतात. चाकणच्या कारखान्यात मी हे शिकवतो आणि शिफ्ट सुटली की आळंदीला घरी येतो. घरच्या स्पीकरच्या वायरींबाबत मात्र हा नियम मी असा काही गुंडाळून ठेवला की त्यात माझे पैसे गेले, मेहुण्याचे गेले, आणि पुढे उलट्या टोकाला जाऊन एका सप्ताहातल्या पहिल्या दिवसाच्या कीर्तनाचा मी विचका केला.

आधी गावाबद्दल थोडं, कारण त्याचा या भानगडीशी संबंध आहे. आळंदीत राहणाऱ्याला पखवाज कसा वाजतो हे सांगावं लागत नाही. जोग महाराजांनी १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून कीर्तन, गायन, पखवाज शिकायला राज्यभरातून मुलं येतात, आणि आता तर लहानमोठ्या संस्था आणि धर्मशाळा इतक्या झाल्यात की पहाटे कुठल्याही गल्लीतून चाला, कुठून तरी रियाज ऐकू येतोच. आमच्या इमारतीला लागूनच असा एक मठ आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्यानेच तिला तो खोल घुमारा येतो. हा घुमारा भिंतीपलीकडून रोज माझ्या छातीत उतरायचा. घरच्या सिस्टीमवर पखवाज लावला की नुसती टकटक.

सिस्टीम फार मोठी नाही. परदेशी नोकरीला गेलेल्या एका सहकाऱ्याने जाताना स्वस्तात दिलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि आठ ओहमचे दोन स्पीकर. भीमसेनांचे अभंग, कुमारांची निर्गुणी भजनं, किशोरीताई आणि पखवाजवादनाची काही रेकॉर्डिंग, एवढंच माझं ऐकणं. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहायला हवा. आमच्याकडे तो हॉलभर पसरायचा, कुठून येतोय ते बोट दाखवून सांगता यायचं नाही. खर्जाचा पत्ताच नव्हता.

इथे मी शांतपणे दोष शोधायला बसायला हवं होतं. तसं काही केलं नाही, कारण उत्तर मी आधीच ठरवून टाकलं होतं: वायर. फ्लॅटचा ताबा घेतला तेव्हा हाताला लागली ती बारीक लाल-काळी वायर मी टाकली होती. डावा स्पीकर दरवाजाच्या पलीकडे, म्हणून त्याची वायर चौकटीवरून फिरवली, ती कमी पडली तेव्हा वरच्या बॉक्समध्ये पारदर्शक वायरीचा तुकडा जोडला आणि वरून टेप गुंडाळला. ही सगळी मजुरी माझ्याच हातची. तरी वायरीचा संशय आला तेव्हा मला तो जोड आठवला नाही. मला आठवली ती वायरीची किंमत, आणि ती फार कमी होती.

कंपनीसाठी वायर घ्यायची तर आम्ही पुण्यात तापकीर गल्लीत जातो. त्या दिवशी ती गल्ली ओलांडून मी एका वातानुकूलित शोरूममध्ये गेलो. तिथल्या माणसाने मला बसवलं, पाणी दिलं आणि जे सांगितलं त्यातल्या प्रत्येक वाक्याला मी मान डोलावली. मी, इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला! हे लिहितानाही कान गरम होतात.

तो म्हणाला, ही ऑक्सिजन-फ्री तांब्याची केबल आहे. खरं आहे. पण विजेच्या कामाचं साधं तांबं प्रमाण म्हणून शंभर टक्के वाहक धरलं, तर ऑक्सिजन-फ्री तांबं भरतं १०१ टक्के. वरचा तो एक टक्का वायर केसभर जाड घेतली तरी मिळतो. चांदी घेतली तरी फरक सहा-सात टक्क्यांचा. तो म्हणाला, उंच स्वर तारेच्या पृष्ठभागावरूनच धावतात. हेही तत्त्व म्हणून खरं आहे. मात्र २०,००० हर्ट्झला, म्हणजे तरुण कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या टोकालासुद्धा, तांब्यात प्रवाह पृष्ठभागापासून जवळपास अर्धा मिलिमीटर खोल शिरतो. घरातल्या स्पीकर वायरीच्या जाडीत त्याने कानाला जाणवेल असं काही घडत नाही. केबलवर बाण छापले होते, ते ॲम्प्लिफायरकडून स्पीकरकडे असायला हवेत असं त्याने बजावलं. स्पीकरच्या वायरीतला प्रवाह उलटसुलट असतो, पखवाजाच्या एका थापेत तो कितीतरी वेळा दिशा बदलतो. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि त्या वेळी आठवणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर शोरूमच्या गुबगुबीत खुर्चीत फार वाढतं.

शेवटी तो म्हणाला, “सर, लगेच जज करू नका. केबल शंभर तास वाजू द्या, मग खुलते.” लोणच्यासारखी मुरते म्हणायची! यातली हुशारी मला फार उशिरा कळली. आवाजाचा बारकावा कानाला काही सेकंदच नीट लक्षात राहतो. शंभर तासांनी तुलना कशाशी करणार? तोवर माल परत घेण्याची मुदत संपलेली असते आणि पैसे मोजलेला माणूस स्वतःच दुकानदाराची बाजू मांडायला लागलेला असतो.

बिल बघून बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी काय काय केलं ते क्रमाने सांगतो. जुनी वायर काढली. नवी केबल चौकटीवरून न नेता खालून, फरशीच्या पट्टीला लागून फिरवली, अखंड, मध्ये जोड नाही. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मागचे काळवंडलेले टर्मिनल घासून स्वच्छ केले. टोकं नीट सोलली आणि स्क्रू घट्ट आवळले. मग पखवाज लावला, आणि खरंच, हॉलमध्ये पखवाज आला. घुमारा आला, भीमसेन मधोमध येऊन उभे राहिले. लेक आतल्या खोलीतून धावत बाहेर आली, “पप्पा, काय केलंत?” मी छाती फुगवून म्हणालो, “केबल बदलली.”

ऐकलेला फरक खोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. महागड्या केबलची कहाणी सांगताना ‘सगळा मनाचा खेळ’ म्हणून उडवून लावणारे असतात. माझ्या मनाचा खेळ असता तर लेक आतून बाहेर आली नसती.

त्यानंतर मी प्रचारक झालो. कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, कार्तिकीच्या गर्दीत घरी उतरलेल्या पाहुण्यांसमोर. मेहुणा चिखलीला राहतो, त्याचं घर मोठं, पगार मोठा. त्याच्यामागे लागून मी त्याला तीच केबल घ्यायला लावली. त्याच्याकडे जाऊन स्वतः जोडून दिली. लावल्यावर तो दोन-तीन गाणी ऐकून म्हणाला, “दाजी, मला काही फरक वाटत नाही.” मी म्हणालो, “मुरू दे.” पुढे बऱ्याच दिवसांनी परत विचारलं तर म्हणाला, “तुम्ही म्हणता म्हणजे असेल.” मेहुणा भला माणूस आहे. त्याचे कान शिकलेले नाहीत असं मी बायकोला सांगितलं, तिने ते भावाला सांगितलं नाही हे माझं नशीब.

केबलवर श्रद्धा बसली की माणूस तिच्याकडे सगळ्याच दुखण्यांचं औषध मागतो. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरवर घेतला की मागे सतत एक घुंईं वाजत राहायची, आपल्या विजेची, पन्नास हर्ट्झची. मी त्यासाठी जाड शिल्डची, सोनेरी पिनांची महागडी आरसीए केबल आणली. घुंईं तशीच. मग मी जे केलं ते कारखान्यात कुणी केलं असतं तर मी त्याला लेखी नोटीस दिली असती: ॲम्प्लिफायरच्या थ्री-पिनमधली अर्थची वायर सोडवून टाकली. घुंईं थांबली आणि मी खूश. आत काही बिघाड होऊन धातूच्या पेटीवर फेज आली असती तर पेटीला पहिला हात लागला असता तो लेकीचा, कारण चालू-बंद तीच करायची. सेफ्टी वीकमध्ये अर्थिंगवर भाषण देणारा माणूस मी. काही दिवसांनी रात्री झोपेतून उठून अर्थ परत जोडला, ते अजून आठवतं.

घुंईंचं कारण साधं होतं. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर इमारतीत दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली, ॲम्प्लिफायर आमच्या बोर्डावर अर्थ झालेला. दोन अर्थांमध्ये किंचित व्होल्टेज राहतं आणि त्याचा प्रवाह आरसीए केबलच्या शिल्डमधून वाहतो. त्या केबलमध्ये शिल्ड हाच आवाजाच्या सिग्नलचा परतीचा रस्ता असतो, त्यामुळे पन्नास हर्ट्झही आवाजात मिसळतं. शिल्ड कितीही जाड घ्या, दोन अर्थांमधला हा वेढा तुटत नाही. केबलवाल्याची वायर उपटल्याबरोबर घुंईं बंद झाली, तेव्हा ते कळलं. शेवटी टीव्हीपासून ऑप्टिकल वायर घेतली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे वेढाच उरला नाही. ती स्वस्तातली होती.

मुख्य घोळ उघडकीला आला तो एका साउंडवाल्यामुळे. आळंदी, मरकळ, चऱ्होली या पट्ट्यात सप्ताह, लग्नं, प्रवचनं यांना साउंड लावणारा माझा एक ओळखीचा आहे. घरी चहाला आला. मी सवयीप्रमाणे केबलचं माहात्म्य सुरू केलं, आणि त्याला फरक दाखवावा म्हणून माळ्यावर ठेवलेली जुनी वायर, चौकटीवरच्या त्या जोडासकट, परत लावली. त्याने फार वेळ ऐकलंही नाही. उठला, दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभा राहिला आणि म्हणाला, “माऊली, तुमचा एक स्पीकर उलटा आहे.”

त्याने रिमोटमधला पेन्सिल सेल मागितला. वायरीची टोकं ॲम्प्लिफायरमधून सोडवली, सेलची अधिक बाजू लाल टोकाला आणि उणे काळ्याला टेकवली. उजव्या स्पीकरचा पडदा पुढे उसळला. डाव्याचा आत गेला. टेप सोडला तर जोडात लाल वायर पारदर्शक जोडीच्या चुकीच्या तारेला मिळालेली. त्या पारदर्शक वायरीच्या एका तारेवर ओळख म्हणून बारीक उंचवट्याची रेघ होती, ती मी जोडताना बघितलीच नव्हती.

एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जात असेल तर काय होतं, हे हर्ट्झमध्ये सांगण्यासारखं आहे. साठ हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी पावणेसहा मीटरच्या आसपास असते. आमचे स्पीकर एकमेकांपासून दोन मीटरवर. एवढ्या लांब लाटेच्या दृष्टीने दोन्ही स्पीकर जवळजवळ एकाच जागी आहेत. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, खर्ज तिथल्या तिथे मरतो. तीन हजार हर्ट्झची लाट अकरा-बारा सेंटीमीटरची, तिथे कुठे बेरीज, कुठे वजाबाकी, सरसकट मरत काही नाही. म्हणून टकटक उरली होती आणि घुमारा गेला होता. गायकाचा आवाज दोन्हीकडून सारखा पण उलटा येत असल्याने मधे उभा राहत नव्हता. नवी केबल टाकताना लाल-लाल, काळी-काळी जोडली गेली, आणि त्याचं श्रेय ऑक्सिजन नसलेल्या तांब्याने खाल्लं.

साउंडवाला गेल्यावर मी हिशेबाला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या जुन्या वायरीचा रोध मोजला. जाण्या-येण्याचं मिळून सोळा मीटर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याला तो ०.६ ओहमच्या थोडा वर यायला हवा होता. मीटर एक ओहमच्या जवळ दाखवत होता. ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरं. वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक ओहमची वायर म्हणजे त्या बाजूचा आवाज सुमारे एक डेसिबल खाली. शिवाय स्पीकरचे आठ ओहम हा नावापुरता आकडा असतो, वेगवेगळ्या स्वरांना तो कमीजास्त होतो, त्यामुळे वायरीचा रोध मोठा असेल तर आवाजाचा पोतही थोडा बदलतो. म्हणजे वायर बदलायला हवीच होती. जोड काढायला हवा होता, टर्मिनल घासायला हवे होते, लाल-काळ्याची उलटापालट नीट करायला हवी होती. या सगळ्याला लागणारा माल माझ्या कपाटात पडून होता: घराचं वायरिंग झाल्यावर उरलेली दीड चौरस मिलिमीटरची साधी वायर.

वायर हे आमच्या पट्ट्याला परकं प्रकरण नाही. फिनोलेक्स केबल्सची सुरुवात १९५८ साली पुण्यात झाली. तिचा कारखाना पिंपरीत आहे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने ये-जा करणाऱ्या सगळ्यांना तो माहीत असतो. घरगुती वायरीच्या अंगावर चौरस मिलिमीटर छापलेले असतात, आयएस ६९४ हा मानक क्रमांक असतो, आणि आत किती तांबं हवं याची हमी आयएस ८१३० मधले आकडे देतात: लवचीक तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरीचा रोध किलोमीटरला १३.३ ओहमच्या आत, अडीचचा ७.९८ च्या आत. माझ्या सोळा मीटरला दीडची वायर ०.२१ ओहम देते. स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांखाली वायर असावी, असा ध्वनितंत्रातला एक जुना ठोकताळा आहे. आठ ओहमला ती मर्यादा ०.४. दीडची वायर जवळपास निम्म्यातच बसते. माझ्या महागड्या केबलच्या खोक्यावर कंपनीचं नाव होतं, बाण होते, पर्वतरांगेचं चित्र होतं. चौरस मिलिमीटर कुठेच नव्हते.

मग लेकीने कसोटी घेतली. डिप्लोमाला आहे ती, बापाची खोड मोडायची संधी सोडणार कशी? महागड्या केबलऐवजी कपाटातली दीडची वायर जोडायची व्यवस्था पडद्यामागे केली, दोन्हीकडे स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजून पातळी सारखी केली. हे महत्त्वाचं आहे, कारण जरासा मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. नाणं उडवून ती कधी बदलायची, कधी नाही. मी ठासून सांगत होतो, “ही महागडी, बघ किती मोकळं वाटतं.” नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी तितकीच बरोबर आली असती. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे तिने मधे बराच वेळ काहीच बदललं नव्हतं आणि मी त्या वेळी तानेतला फरक वर्णन करून सांगत होतो.

या बाबतीत माझी सोबत मोठी आहे. ऑगस्ट १९८३ च्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकर वायरींची अशीच झाकून चाचणी छापली होती. संगीत ऐकताना ऐकणाऱ्यांना पुरेशी जाड साधी वायर आणि नावाजलेली केबल यांच्यात खात्रीने फरक करता आला नाही. अगदी बारीक वायर मात्र चाचणीच्या सलग खरखरीवर ओळखू आली, कारण ती पातळीच खाली आणत होती. २००७ मध्ये जादूगार आणि भोंदूगिरीचे टीकाकार जेम्स रँडी यांनी सव्वासात हजार डॉलरची एक स्पीकर केबल साध्या वायरीपासून न बघता ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. ती कसोटी झालीच नाही, केबलवाले मागे हटले.

मेहुण्याला फोन केला. त्याचा स्पीकर कधी उलटा नव्हता, म्हणून त्याला फरक पडला नव्हता. त्याचे कान माझ्यापेक्षा सरळ होते. तो हसला आणि म्हणाला, “दाजी, मग आता पैसे तुम्ही देता की ताईकडून घेऊ?” दिले, हप्त्याने.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण फसलेला माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. ‘वायरीने काही होत नाही’ हे माझं नवं वचन झालं. त्याच सुमारास ओळखीच्या एका भजनी मंडळाने सप्ताहाच्या साउंडबद्दल विचारलं. खर्च कमी करायचा होता. मी ऐटीत म्हणालो, वायरीत पैसे घालू नका, कुठलीही चालते, माझ्याकडे आहे ती लावतो. मंडपाच्या मागे बायका बसतात, तिथे दोन आठ ओहमचे स्पीकर समांतर जोडले, म्हणजे चार ओहम. ॲम्प्लिफायर मंचाजवळ. तीस मीटर अंतराला मी अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर टाकली, या वेळी खऱ्या तांब्याची, म्हणून निर्धास्त. जाऊन-येऊन साठ मीटर, २.३४ ओहम. स्पीकरचे चार आणि वायरीचे सव्वादोन! थेट जोडणीच्या मानाने स्पीकरपर्यंत जेमतेम चाळीस टक्के ताकद पोचत होती. कागद-पेन्सिल घेतली असती तर मिनिटात कळलं असतं. मागे ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला, तसा मंचाजवळचा माइक शिट्टी मारायला लागला. माइकचीही वायर मी साधी दोन तारांची, लाइटच्या माळेच्या वायरीला बांधून आणलेली. त्यामुळे बुवांच्या प्रत्येक वाक्याखाली घुंईं. बुवा एकदा थांबले, माइककडे बघून नुसते हसले आणि पुढचं निरूपण माइक बाजूला सारून केलं. मागच्या बायकांना त्यातलं काही कळलं नाही. त्या उठून जाऊ लागल्या तेव्हा मी ॲम्प्लिफायरच्या मागे लपलो होतो म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी त्याच साउंडवाल्याला बोलवावं लागलं. त्याने मागच्या स्पीकरसाठी वेगळा छोटा ॲम्प्लिफायर तिथेच, स्पीकरजवळ ठेवला, म्हणजे जास्त प्रवाहाची वायर आखूड झाली. माइकला तीन पिनांची बॅलन्स वायर लावली. तिच्यात आवाज दोन तारांमधून एकमेकांच्या उलटा जातो. वाटेत शिरलेली घुंईं दोन्ही तारांत सारखीच असते, आणि पुढे मशीन दोन्हींची वजाबाकी घेतं तेव्हा ती उडून जाते, आवाज उरतो. लाइटच्या माळेपासून वायर वेगळी काढली. कायमच्या बसवलेल्या मोठ्या व्यवस्थेत, स्टेशनवर वगैरे, लांब अंतरासाठी शंभर व्होल्टची लाइन वापरतात: व्होल्टेज वाढवून प्रवाह कमी केला की बारीक वायरही पुरते, आणि प्रत्येक स्पीकरपाशी ट्रान्सफॉर्मर असतो. महावितरणच्या तारांमागे जे तत्त्व आहे तेच. वीज शिकलेल्या माणसाला हे साउंडवाल्याने समजावून सांगावं लागलं. त्याने पैसे घेतले नाहीत, मात्र “माऊली, कुठलीही वायर चालते ना?” हे तो अजून भेटेल तिथे चारचौघांत विचारतो.

वायरीने फरक पडतो का, असं आता कुणी विचारलं तर माझं उत्तर लांबलचक होतं आणि विचारणाऱ्याचा विरस होतो. लांबी किती, जाडी किती, आत खरं तांबं आहे का, जोड कुठे आहेत, लाल-काळं दोन्हीकडे सारखं आहे का, शेजारून लाइटची वायर जाते का: या प्रत्येकाने फरक पडतो आणि यातलं सगळं मोजता किंवा बघता येतं. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणाऱ्या वायरीची धारिताही काही प्रकारच्या सुयांना जाणवते, उंच स्वर बदलतात, तेही मोजता येतं. हे सगळं नीट झाल्यावर किंमत पाचपट केली तर काय मिळतं? दिसायला छान असते, हे मी मान्य करतो.

आमच्या हॉलमध्ये यानंतर सर्वांत मोठा फरक पडला तो वायरीविना. गुळगुळीत फरशी, कोरड्या भिंती, वर स्लॅब. टाळ वाजला की किती वेळ खणखणत राहायचा. हार्वर्डमध्ये १८९० च्या दशकात वॉलेस सेबाइन यांनी एका घुमणाऱ्या व्याख्यान-दालनात नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, मोजून मांडून घुमणं किती कमी होतं ते काढलं होतं. दालनांच्या ध्वनिशास्त्राचा पाया तिथे पडला. आम्ही सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला आणि डावा स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढला. बायको म्हणाली, “हे मी घर घेतलं तेव्हाच म्हणत होते.” म्हणत होती, पण पडद्याच्या कारणाने.

महागडी केबल अजून लावलेलीच आहे. विकायला काढली तर निम्मेही येत नाहीत, आणि वायर म्हणून ती उत्तम आहे.

तुमच्या घरी स्पीकर असतील तर केबल घ्यायला निघण्याआधी ॲम्प्लिफायर बंद करा, वायरीची टोकं सोडवा आणि पेन्सिल सेल क्षणभर टेकवून दोन्ही पडदे एकाच बाजूला हलतात का ते बघा. मग घरातलं अंतर टेपने मोजा. दुकानात गेल्यावर भाव विचारायच्या आधी चौरस मिलिमीटर विचारा, आणि ते सांगता आले नाहीत तर दुसरं दुकान गाठा.